एकसष्ट किलो

शिवकन्या आपल्याच्याने उचलली जात नाही हे रामकिशनच्या हातांना आधी कळलं, त्याला स्वतःला मागाहून. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. न्हाणीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून ती साबणाच्या पाण्यात घसरली, सावकाश घसरली, थप्पीवरून पोतं सरकावं तशी, आणि तो समोर उभा असून नुसता बघत राहिला. मग वाकला. तिच्या काखेत हात घातले, ओढलं. ओलं अंग हातातून निसटलं. पुन्हा हात घातले. तिचा उजवा हात आणि उजवा पाय शिमग्यापासून तिचे राहिले नव्हते, आणि माणसाला जे अंग आपलं वाटत नाही ते दुप्पट जड होतं, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग काय. तिसऱ्यांदा ती वीतभर वर आली, त्याच्या कमरेत कळ गेली आणि त्याने तिला सोडलं. सोडलं म्हणजे हातांनी सोडलं. तो सोडणार नव्हता. तिचं डोकं फरशीला लागलं, फार नाही, पण आवाज आला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आजारानंतर तिची जीभ जड झाली होती तरी एवढं स्वच्छ म्हणाली.

पाऊण तास ती तिथे पडून होती. या पाऊण तासात आपण काय काय केलं ते त्याला पुढे धड आठवत नसे. अंगाखालून टॉवेल घालून पाहिला, खुर्ची आडवी करून पाहिली, एकदा तर तो तिच्याशेजारी ओल्यात नुसता बसून राहिला. शेवटी जेठातल्या उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरली तेव्हा त्याने भिंतीपलीकडे बिलकीसला हाक मारली. बिलकीस आली, तिने चादर गुंडाळली, पण तिच्याच्यानेही उचलवेना, म्हणून तिने नवऱ्याला वर्कशॉपमधून बोलावून घेतलं. जमील वेल्डिंगचं काम करतो. तो न्हाणीच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, बिलकीस "आओ" म्हणाली तेव्हा आत आला, गुडघ्यात बसला आणि एका दमात शिवकन्याला उचलून खाटेवर नेऊन ठेवलं. "काका, आवाज द्यायचा न्हाई का अगूदर," एवढंच बोलला. भला माणूस. पण त्या दहा पावलांत, परक्या माणसाच्या हातांवरून जाताना, शिवकन्या रामकिशनकडे बघत होती. रागाने बघती तर बरं झालं असतं. ती त्याची कीव केल्यासारखी बघत होती आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, तो एकतीस वर्षं मापाडी होता. हळदीचा कट्टा, म्हणजे पन्नास किलोचं पोतं, हमालाने काट्यावर टाकायचा, रामकिशनने आकडा बघायचा, मोठ्याने पुकारायचा आणि कट्टा हमालाने उचलून न्यायचा. टाकणारा वेगळा, नेणारा वेगळा. मधला फक्त पुकारणारा. त्याचा बाप ग्यानोबा हमाल होता. बापाच्या मानेमागे गोणीने धरलेला घट्टा होता, उंबराच्या फळाएवढा, आणि लहानपणी रामकिशन त्यावर बोट ठेवून बघायचा. बापाने आयुष्यात एकच जिद्द धरली: पोराच्या पाठीला पोतं लागू द्यायचं नाही. कुठे कुठे हात जोडून त्याने पोराला मापाड्याचं लायसन मिळवून दिलं, आणि त्या दिवशी पोराची पाठ थोपटताना म्हणाला होता, "ही पाठ अशीच ऱ्हाऊ दे, लेकरा." ती तशीच राहिली. चोपन्न वर्षं कोरी राहिली. हजारो क्विंटल माल डोळ्यांखालून गेला, हातांना चव मात्र हळदीचीच लागली, ताकदीची कधी लागलीच नाही. बापाने जीव तोडून जे वाचवलं तेच आता नडलं होतं, आणि बापाला शिव्या द्याव्यात तर तोंड कसं उघडणार.

सांगायचं नव्हतं, पण त्याने प्रतिक्षाला फोनवर सगळं सांगून टाकलं. खरं बोलायची त्याची जुनी खोड. काट्यावर उभं राहिलेल्या माणसाला ती लागतेच. प्रतिक्षा त्यांची एकुलती एक लेक, संभाजीनगरला एका कंपनीत. ती आधी रडली, मग तिचा आवाज कामाचा झाला. तिच्या फ्लॅटजवळ एक केंद्र होतं, तिथे अशा माणसांना ठेवून घेतात, दोन बाया चोवीस तास असतात, उचलायला यंत्र असतं. "पप्पा, तुमच्यानं व्हत न्हाई, त्यात तुमची चूक न्हाई. पन आईला म्या रोज पडू देऊ का?" तो म्हणाला, थोडा टाइम दे. "किती?" दसरा, तो म्हणाला. दसऱ्याला येते, ती म्हणाली, आणि तुमच्यानं आईला बराबर उचलनं झालं न्हाई तर घेऊन जाते. फोन स्पीकरवर होता. खाटेवरून शिवकन्याने सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मला हितून हालवू नका. मेले तर हितंच मरू द्या, पन तिथं त्या बायांत नगं." नांदेडच्या दवाखान्यातून सुट्टी देताना तिचं वजन केलं होतं. एकसष्ट किलो. ते कार्डावर लिहिलेलं होतं. रामकिशनने ते कार्ड उशाखालून काढून पुन्हा पाहिलं. एकसष्ट. म्हणजे एक कट्टा आणि वर अकरा.

मग महिनाभर तो मोबाइलला चिकटला. मोंढ्यात दोन लिलावांच्या मधे, चहाच्या टपरीवर, घरी खाटेच्या पायथ्याशी, चष्मा कपाळावर चढवून तो ताकद शोधत होता. ताकद किती प्रकारची असते हे त्याला कधी माहीतच नव्हतं. एक पोरगा उघड्या अंगाने सांगत होता की आठवड्याचे सहा दिवस, एक दिवस छाती, एक दिवस पाठ, एक दिवस नुसते दंड. दुसरा म्हणत होता की नवशिक्याने बारबेलला, त्या वजनं ओवलेल्या दांडीला, हातच लावू नये, आधी तीन महिने दंडबैठका. तिसरा चाळिशीच्या पुढच्यांसाठी होता. तो फार गोड बोलायचा, पण प्रत्येक वाक्यापुढे डॉक्टरला विचारा म्हणायचा, आणि रामकिशनला डॉक्टरांचा वीट आला होता. एकाने छापील तक्ताच दिला होता: पाच सेट, प्रत्येकात पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला थोडं थोडं वाढवत जायचं. सगळे बारा आठवडे म्हणायचे, सोळा आठवडे म्हणायचे, धीर धरा म्हणायचे. ओल्या फरशीवरून बायको कशी उचलायची हे कोणाच्याच तक्त्यात नव्हतं. तो एक सुरू करायचा, दोन दिवस दंडबैठका काढायचा, तिसऱ्या दिवशी वाटायचं हा चुकला, दुसरा बरोबर असेल, आणि दिवस जात आहेत. मग रात्री पुन्हा मोबाइल उघडायचा. आयुष्यात त्याने काही निवडलं नव्हतं. लायसन बापाने निवडलं, शिवकन्या मामाने पुसेगावहून आणली, घर होतं तेच होतं. आता निवडायचं होतं आणि चुकलं तर ती जाणार होती. शेवटी त्याने तो पाचाचा तक्ता धरला, कारण त्यात तीनच गोष्टी होत्या आणि त्यांतली एक सरळ सरळ हीच होती: जमिनीवर पडलेलं वजन दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. तक्त्यातला पोरगा हिंदीत ओरडायचा, पाठ से नहीं, पैर से. रामकिशनला हसू आलं. ग्यानोबा हेच म्हणायचा, शिवी घालून म्हणायचा.

बारबेल विकत आणायचा म्हटला तर यायला पंधरा दिवस, आणि पंधरा दिवस कुठून आणायचे. तो जमीलकडे गेला. जमीलच्या वर्कशॉपमागे हळद घासायच्या ड्रमचा एक जुना शाफ्ट गंजत पडला होता, भरीव लोखंडी दांडा, सात फुटी. जमीलने तो घासून सरळ केला. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर मोंढ्यातली जुनी लोखंडी वजनं अडत्यांनी टाकून दिली होती. त्यांतली काही रामकिशनच्या जिन्याखाली होती, वीसची, दहाची, पाचची, दोनची, एकची. जमीलने लोखंडी पट्टीच्या कड्या वळवून त्यांत ती घट्ट बसवली, म्हणजे दांडीत ओवता येतील. "काका, कोन पैलवान येऊन राहिला घरात?" त्याने विचारलं, आणि विचारल्या विचारल्या त्याला उमगलं असावं, कारण लगेच हातगाडीवर सामान चढवून घरापर्यंत आणून देऊन गेला.

पहिल्या दिवशी पुढच्या खोलीत, तिच्या खाटेशेजारी, रामकिशनने दांडी मांडली. तक्त्यात लिहिलं होतं, वीस किलोपासून सुरुवात. त्याने इकडे दहा ओवलं, तिकडे दहा ओवलं. दहा न् दहा वीस. दांडीकडे त्याने मालासारखं पाहिलंच नाही. एकतीस वर्षं कट्टा काट्यावर आला की त्याच्या तोंडून पहिलं निघायचं ते बारदान वजा. ज्यात माल भरतात ते मालात धरत नाहीत, गोणीचं वजन शेतकऱ्याच्याही माथी नाही आणि घेणाऱ्याच्याही नाही, ते काट्यावर असतं आणि नसतं. शिवकन्याला ही वेडगळ मांडामांड बघून हसू आलं, अर्ध्या तोंडाने आलं, पण किती दिवसांनी आलं होतं. तो वाकला. पाय रोवले, पाठ सरळ केली, उचललं. वीस किलोने त्याचा जीव काढला. घेरी आल्यासारखं झालं, नाकात लोखंडाचा वास बसला, तळवे सोलले. "एक," शिवकन्या खाटेवरून म्हणाली. पाचव्या खेपेला त्याला वाटलं की वीसच किलोने ही गत, तर एकसष्टला आपली तिरडीच बांधावी लागेल.

त्या दिवसापासून त्याने तिला उचललं नाही. शपथच घेतली: तक्त्यावर एकसष्ट लागेपर्यंत तिला हात घालायचा नाही, पुन्हा पाडायची नाही. दुपारी गल्लीतली गोजरबाई यायची, कूस बदलून द्यायची, ओल्या फडक्याने अंग पुसायची, भांडं द्यायची. तो सकाळी भाकरी-भाजीचं ताट डाव्या हाताशी झाकून ठेवून मोंढ्यात जायचा, तिन्हीसांजेला यायचा तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. रात्री ती म्हणायची, दुपारचं उशिरानं खाल्लं, आता नगं. सोमवार, गुरुवार आणि शनिवार, मोंढ्यातून आला की अंगावरची हळद न झटकता तो दांडीपाशी जायचा. ती मोजायची. तक्ता त्याने खाटेसमोरच्या भिंतीला चिकटवला होता आणि दर खेपेला आकडा लिहायचा. वीस. बावीस. चोवीस. दोन्ही बाजूंना सारखंच ओवायचं, म्हणून दोनदोननेच वाढायचं. तळव्यांना घट्टे धरू लागले, बापाच्या मानेवर होता तसे, आणि ते घट्टे तो रात्री अंगठ्याने चाचपायचा; तेवढं एक सुख होतं. या आठवड्यांत दोघं पूर्वी कधी बोलली नव्हती तेवढी बोलली. तिने त्याला पुसेगावची एक गोष्ट सांगितली, लग्नाआधीची: विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन ती पांदीने यायची आणि गावातली पोरं पैजा लावायची, आज सांडंल म्हणून. "कधी सांडलं न्हाई," ती म्हणाली. तिच्या अंगात एकेकाळी त्याच्यापेक्षा जास्त ताकद होती हे तीस वर्षांच्या संसारात त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

सहाव्या आठवड्यात आकडा बेचाळीसवर आला आणि तिथेच बसला. चव्वेचाळीस ओवलं की दांडी जमीन सोडायची नाही. सोडली तरी नडगीपर्यंत यायची आणि हातातून पडायची, खालच्या फरशीला तडे गेले. तक्त्यात सांगितलं होतं की अडलात तर मागे या, कमी करा, पुन्हा चढा. तो मागे आला, अडतीसपासून पुन्हा चढला आणि बेचाळीसवर पुन्हा अडला. झोप वाढवून पाहिली, दूध लावलं, उकडलेली अंडी मोंढ्यात चोरून खाल्ली. बेचाळीस. भिंतीवर बेचाळीस, बेचाळीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस असे आकडे खालीखाली उतरत गेले आणि गौरी गेल्या, गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. मोंढ्यात आकडा पुकारताना त्याची जीभ अडखळू लागली. कोणाच्याही कट्ट्यावर त्याला एकसष्टच दिसायचं. लोक म्हणायचे, रामकिशनभाऊ वाळले. घरी येताना रस्त्यात उभ्या माणसांकडे तो बघायचा तर त्यांच्या हातांकडे बघायचा: हा चहावाला सहज उचलेल, तो बसचा कंडक्टर उचलेल, ती पोरंसुद्धा दोघं मिळून उचलतील. जगात सगळ्यांच्याने उचलवेल अशी एक बाई होती आणि तिच्या नवऱ्याच्याने तेवढी उचलवत नव्हती. शिवकन्याही आता फारशी मोजायची नाही. पडल्या पडल्या तक्त्याकडे बघत राहायची. तिचा चेहरा बसला होता, गालाची हाडं वर आली होती. त्याने ते पाहिलं नाही असं नाही, पण लकव्याने चेहरा बसतोच असं धरून चालला. अंगावर ढगळ मॅक्सी असायची. आणि खरं सांगायचं तर त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच, भिंतीकडे होतं. ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं तिच्याकडे बघायला त्याला सवड नव्हती.

दसरा चार दिवसांवर आला. प्रतिक्षाने तिकीट काढल्याचं कळवलं. त्या दुपारी रामकिशन मोंढ्यातून लवकर निघाला आणि घरी न जाता जमीलच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसला. रडायचं नव्हतं, पण आलं. जमीलने वेल्डिंगचा चष्मा काढला, पाणी दिलं. "बेचाळीसच्या वर जात न्हाई रे," रामकिशन म्हणाला. "अडीच महिने झाले. माज्यात दमच न्हाई. नेऊ दे तिला."

"बेचाळीस म्हंजे दांडी धरून का?"

"दांडी काहून धरायची?"

जमीलने पाण्याचा पेला खाली ठेवला. "काका, तुमी दांडी हवेत सोडता का? दांडी हातातच ऱ्हाती ना. तिचं वजन कोन उचलतंय मंग, मी?"

"अरे, दांडी म्हंजे बारदान." रामकिशन एवढं बोलला आणि थांबला. जमील उठला. भंगाराच्या काट्याशेजारी त्याच शाफ्टचा तेवढाच लांब दुसरा तुकडा उभा होता, एका ड्रमचे दोन. त्याने तो काट्यावर आडवा घातला. वाचायची सवय रामकिशनला. आकडा त्यानेच वाचला. एकोणीस. त्याने पुन्हा वाचला. तक्त्यातला तो हिंदी बोलणारा पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, खाली रॉड बीस किलो, उसी से शुरू, म्हणजे वीस किलो ही मोकळी दांडीच; आणि रामकिशनने आपल्या हाताने वर वीस ओवले होते. बेचाळीस आणि एकोणीस. काट्यावर हात ठेवून तो उभा राहिला, आणि जमील काहीतरी बोलत होता, हसत होता, पाठीवर थापही मारली असेल. अडीच महिने. त्यातला शेवटचा महिनाभर तो शिवकन्या उचलत होता. आठवड्यातून तीनदा, पंचवीस पंचवीस वेळा, तिच्या खाटेशेजारी उभं राहून तिच्याएवढं ओझं उचलत होता आणि खाली ठेवत होता, आणि भिंतीवर लिहीत होता की होत नाही.

घरापर्यंतचा रस्ता त्याने जवळजवळ पळतच काढला. उन्हं अजून दारात होती. गोजरबाई नुकतीच गेली होती, ताट धुऊन पालथं होतं. "शिवकन्ये," तो दारातूनच म्हणाला, "उचलतो तुला." ती घाबरली. "नगं, पडंन." "पडत न्हाईस. भेऊ नको. म्या सांगतो, पडत न्हाईस." त्याने एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, पाय रोवले, पाठ सरळ केली, छातीत श्वास भरला, एकसष्ट किलोसाठी जेवढा लागतो तेवढा भरला आणि उठला.

आणि तो मागे झोकांडला. इतक्या जोराने उठला होता की मागच्या भिंतीला पाठ टेकली. तिने डाव्या हाताने त्याच्या मानेला विळखा घातला. ती त्याच्या हातांवर होती, खाटेवर नव्हती, जमिनीवर नव्हती, आणि तिच्या घशातून कसला तरी आवाज आला, हसत होती. "उचललं," ती म्हणाली, "उचललं की वं तुमी." क्षणभर तोही तिच्याबरोबर हसला. पण हात थांबले नव्हते. हात काटा असल्यासारखे स्थिर झाले होते आणि एकतीस वर्षांची सवय त्यांच्यातून आपसूक आकडा काढत होती. हा आकडा त्याला पुकारायचा नव्हता. एकसष्ट नव्हते. पंचावन्न नव्हते. पन्नाससुद्धा नव्हते. सेहेचाळीस, फार तर सत्तेचाळीस. मॅक्सीच्या आत बाई नव्हती, बाईची हाडं होती. कमरेचं हाड त्याच्या मनगटाला रुतत होतं, पाठीचे मणके दंडावर एकेक मोजता येत होते.

"तू जेवत न्हाईस," तो म्हणाला.

ती लाजल्यासारखी झाली. चोरी सापडल्यावर पोरगी लाजते तशी नाही. केलेल्या कामाचं कोणी कौतुक केलं की बाई लाजते तशी. "गोजरबाईच्या बकरीला जातंय," ती म्हणाली. "तिला शपथ घातली म्या. तिला बोलू नका काई." शब्द तिला जड जात होते, पण आज ती थांबत नव्हती. "पैल्याच दिशी वीस किलोनं तुमचा जीव काडला, तवाच म्या निम्मं सोडलं. मंग तुमी बेचाळीसवर अडकलात. रोज बगत व्हते म्या, बेचाळीस, बेचाळीस. तुमचा घाम बगवत नव्हता. म्या मनात म्हनलं, ते वर येऊन न्हाई राहिले तर आपुन खाली उतरावं. मदी कुटं तरी गाठ पडंल." तिने डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. "पडली की न्हाई?"

त्याने तिला खाटेवर ठेवलं नाही. ठेवण्याचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो तिला घेऊन तसाच खोलीत उभा होता आणि त्याला ओरडायचं होतं, बेचाळीस नव्हते, एकसष्ट होते, पहिल्या दिवसापासून एकोणीस जास्त होते, तुझ्या तोंडचा घास माझ्या लिहिण्याने गेला. तो तेच बोलत होता, तुटक तुटक, दांडी, शाफ्ट, जमीलचा काटा, एकोणीस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग लेकराला समजावतात तशी हळूच म्हणाली, "बारदान कधी कुनी मालात धरतंय का? मला जेवू घालायला बोलून राहिलात तुमी." "तुजी शपथ, शिवकन्ये." "व्हय, व्हय," ती म्हणाली आणि त्याच्या कपाळावरचे केस बोटाने सारखे केले. "पोरगी इंल तवा असंच उचलून दावा. न्हेनार न्हाई मंग ती. आनखी धा-पाच किलो उतरू द्या, तुमाला कायमची तकलीफ न्हाई."

तिला कडेवर घेतल्यासारखं घेऊनच तो स्वयंपाकघरात गेला, एका हाताने. एका हाताने ती पेलत होती, आणि हेच त्याला सोसवत नव्हतं. भिंतीला टेकवून तिला पाटावर बसवली, गुडघ्याने आधार दिला, सकाळचा भात होता त्यात दूध कुस्करलं, साखर घातली. घास तिच्या ओठांशी नेला. प्रतिक्षा चार दिवसांनी येणार होती, दारातून आत येताच बघणार होती की पप्पांनी आईला फुलासारखी उचलली, आणि रडणार होती, आणि आनंदाने परत जाणार होती. "खा," तो म्हणाला. "शिवकन्ये, पाया पडतो तुज्या, खा." दूध त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं. तिने ओठ मिटून घेतले. दोन्ही हातांत अडीच महिन्यांची ताकद असलेला तो माणूस घास धरून बसला होता, आणि ती मिटल्या ओठांनी त्याच्याकडे बघून हसत होती.